रंगवून दिलेलं हेड

विल्फ टिमिन्सने टॉवेल उलगडला आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या लोखंडी माथ्याच्या, पुढच्या टोकाचे तीन स्टड, आटे असलेले उभे खिळे, बघितले. तिन्ही सरळ उभे होते.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितलं. मग मधला स्टड अंगठ्याने एका बाजूला दाबून पाहिला, जणू दाबल्यावर तो कबूल होऊन वाकेल. स्टड हलला नाही.

गॅरेजच्या दारातून लेन हार्टशॉर्न चहाचे दोन मग घेऊन आत आला. लेन पलीकडच्याच घरात राहायचा. जुन्या गाड्यांच्या क्लबात दोघं बरोबर जात, आणि विल्फची बायको बेरिल गेल्यापासून लेन काहीतरी निमित्त काढून रोज एक चक्कर मारायचा.

"वा! नवरी दिसतेय नुसती," हेडचा ताजा हिरवा रंग बघून लेन म्हणाला.

"हे माझं नाही."

"काय तुझं नाही?"

"हेड. हे माझ्या गाडीचं हेड नाही."

लेनने दोन्ही मग बाकावर ठेवले आणि वाकून बघितलं. "मॉरिस मायनरचं आहे ना? मग झालं तर."

"माझ्या हेडचा मधला स्टड वाकडा आहे. एकाहत्तर साली तो आतच तुटला. मी ड्रिल मारून काढला, तेव्हा भोक तिरकं गेलं. तेव्हापासून वाकडाच आहे."

"म्हणजे तू त्यांना वाकडं दिलंस, त्यांनी तुला सरळ दिलं. आणि वर तूच तोंड वाकडं करतोस. धन्य आहे लेका तुझी!"

विल्फ हसला नाही. त्याने टॉवेल पुन्हा हेडवर टाकला, नीट नाही, कसातरी, आणि चहा न घेता घरात निघून गेला. आत जाताना त्याने दार इतक्या जोरात लावलं की खिडकीची काच थरथरली.

बेरिल गेल्यापासून त्याला राग लवकर यायचा. बुटाची लेस, दुधाच्या बाटलीचं बूच, रेडिओवरचा हवामान सांगणारा माणूस, काहीही पुरायचं. पण हा राग वेगळा होता, आणि त्याला कारण होतं.

नव्या वर्षापासून पंपांवरचं शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं होतं. विल्फच्या मायनरसारख्या जुन्या गाड्यांची त्यामुळे पंचाईत झाली. हेडमध्ये प्रत्येक व्हॉल्व्ह ज्या कडेवर येऊन बसतो तिला सीट म्हणतात. जुन्या पेट्रोलमधलं शिसं त्या सीटवर पातळ थर धरायचं आणि सीट टिकायची. नव्या पेट्रोलवर साध्या लोखंडाची सीट झिजत जाते, आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो. पंपावर बदली म्हणून मिळणारं पेट्रोल होतं, टाकीत ओतायच्या बाटल्याही निघाल्या होत्या. बेरिलचा त्या कशावरच भरवसा नव्हता. "एकदाच काय ते हेडला कडक पोलादाच्या कड्या बसवून घे," असं ती उन्हाळाभर म्हणत होती. विल्फ बघू म्हणाला. ऑक्टोबरात ती गेली.

गाडी खरं तर तिचीच होती. ती घरोघरी जाऊन बायकांचे केस कापायची, सेट करायची. मागच्या सीटवर ड्रायर, रोलरच्या पिशव्या, टॉवेलांची चळत. क्रॅडली हीथपासून हेल्सोवनपर्यंत कुठल्याही गल्लीत तिची गाडी नुसत्या आवाजावरून ओळखत. दोन-तीन हिवाळ्यांतून एकदा विल्फ हेड काढायचा आणि काजळी खरवडायचा. व्हॉल्व्ह घासायचं काम मात्र बेरिलचं. विल्फ घाई करायचा, एका बाजूला जास्त दाबायचा. ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची, सीटवर पेस्ट लावायची, रबरी चकतीची काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ती काठी दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत राहायची. थांबायची, उचलायची, थोडं वळवायची, परत फिरवायची. पुसून बघायची. सीटवर सगळीकडे सारखी, राखाडी, बारीक रेघ उमटली की पुढचा व्हॉल्व्ह. मागच्या हिवाळ्यातही तिने आठही घासले होते. तेव्हा तिला दम लागत होता, आणि तो सर्दीचा आहे असं दोघांना वाटलं होतं.

म्हणून हेडांचं काम करणाऱ्या डॅन्क्सच्या दुकानात हेड देताना विल्फने बजावून सांगितलं होतं, "मला माझंच हेड परत पाहिजे." या धंद्यात बहुतेक लोक आपलं जुनं हेड देतात आणि कड्या बसवून तयार असलेलं दुसरं कोणाचं तरी घेऊन जातात. सगळ्यांना ते सोयीचं पडतं. विल्फला सोय नको होती.

सोमवारी सकाळी तो सरळ स्टडचं हेड घेऊन नेदरटनला गेला. लेनने गाडी चालवली आणि तो बाहेरच थांबला. रॉय डॅन्क्सचं मशीन शॉप कालव्याला लागून होतं. पुढच्या खोलीत त्याची मोठी बहीण मर्ल बसायची. तिला सगळं जग 'बाळ' होतं. बँकेचा मॅनेजरही आणि सत्तरीला टेकलेला विल्फही.

"काय रे बाळा? तोंड असं दूध नासल्यासारखं का?"

"हे हेड माझं नाही, मर्ल."

"रॉय!" ती मान वळवून ओरडली. "टिमिन्स आलेत. त्यांचं हेड त्यांचं नाही म्हणतायत!"

मागचं मशीन बंद झालं. डॅन्क्स हात पुसत बाहेर आला. पन्नाशीचा, रुंद, भुवयांवरसुद्धा लोखंडाचा बारीक कीस बसलेला.

"टिमिन्स, काय धाड भरलीय त्या हेडला? धूर सोडणाऱ्या, एक्झॉस्टच्या चारही सीटना कड्या स्वतः बसवल्यात मी. तुमचं होतं त्याच्यापेक्षा शंभरपट चांगलं आहे."

"मी म्हटलं होतं, माझंच पाहिजे."

"म्हटलं होतंत. मी शोधलंही. सापडेना. दोनदा तुम्हाला पुढची तारीख दिली. शेवटी म्हटलं, म्हातारा माणूस गाडीवाचून अडलाय, देऊन टाकू चांगल्यातलं एक."

"सापडेना म्हणजे? हेड आहे ते, टाचणी नाही."

"या, तुम्हीच शोधा मग!"

डॅन्क्सने त्याला आत नेलं. कोपऱ्यात कामासाठी आलेल्या हेडांचा ढीग होता. सगळी काळी, तेलकट, काजळीने लडबडलेली. विल्फने वरवर नजर टाकली.

"यात कसं असेल? माझं असलं नव्हतं. मी साफ करून दिलं होतं."

डॅन्क्सचा पुसता हात थांबला. "साफ म्हणजे किती साफ?"

"सोडा घालून उकळलं. सगळीकडून ब्रश मारला. व्हॉल्व्ह आपापल्या जागी परत बसवले, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. मग रंग दिला."

"रंग दिला."

"इंजिनचा हिरवा. दुसरा कुठला देणार?"

डॅन्क्स स्टुलावर बसला. त्याने आधी विल्फकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीवरच्या फळीकडे. फळीवर चार-पाच हेडं ओळीने मांडलेली होती. सगळी स्वच्छ, सगळी रंगवलेली.

"मर्ल, ऐकलंस का?" तो ओरडला. "रंग दिला यांनी! अहो, तीस वर्षं मी हा धंदा करतोय. लोक हेड आणतात ती चिखलात लोळलेल्या डुकरासारखी. मी धुतो, काम करतो, रंगवतो आणि त्या फळीवर ठेवतो. रंगवलेलं म्हणजे झालेलं! इथल्या मांजरालासुद्धा माहीत आहे ते. आणि तुम्ही आणलंत न्हाऊ घालून, भांग पाडून, रविवारचे कपडे चढवून!"

"दुसऱ्या कारागिराच्या हातात घाण वस्तू देऊ नये."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

साखळ्यांच्या कारखान्यात विल्फने चाळीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माल जाताना पुसून द्यायचा, ही तिथली रीत. कोणी सांगितलेली नव्हती. जो पुसून देत नसे त्याच्याशेजारी डबा खायला कोणी बसत नसे, एवढंच.

"म्हणजे ते तुम्ही फळीवर ठेवलंत," तो सावकाश म्हणाला.

"मी ठेवलं, नाहीतर मर्लने ठेवलं. कोणीतरी ठेवलंच असणार."

"आणि फळीवरून कोणीतरी विकत नेलं."

"नेलंच असणार."

"कड्या आहेत असं समजून."

डॅन्क्सने हातातलं फडकं बाकावर टाकलं.

"म्हणजे ते आत्ता कुठेतरी चालतंय. बिनशिशाच्या पेट्रोलवर." विल्फचा आवाज चढला. "झिजतंय ते! आपण इथे गप्पा मारतोय आणि तिकडे ते झिजतंय!"

"ओरडू नका. मला कळतंय. ज्याने नेलं तोसुद्धा माझं गिऱ्हाईकच आहे, त्यालाही मी फसवल्यासारखंच झालं." डॅन्क्सने कपाळावर हात फिरवला आणि तिथे काळा पट्टा उमटला. "मर्ल, मायनरचं हेड गेल्या महिन्यात कोणी नेलं?"

मर्ल दारात आली होती. "एकच तर गेलं. तो मधवाला. लाल दाढीचा."

"नाव काय?"

"नाव कोण विचारतं रे बाळा? रोख दिले, जुनं हेड टाकलं, हे उचललं, गेला. मला मधाची एक बरणी देऊन गेला. कपाळावर त्याला माशी चावली होती, माझ्या डोळ्यांदेखत टरारून फुगलं. मी म्हटलं व्हिनेगर लाव, तर म्हणतो सवय आहे."

बाहेर गाडीत बसलेल्या लेनला हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "लाल दाढी आणि मध? अरे, तो डेस्मंड प्रीस! क्लिबरीच्या पलीकडे राहतो. लाकडी चौकटीची मायनर आहे त्याच्याकडे, मागे मोठं दार असलेली. गेल्या वर्षीच्या रॅलीत परीक्षकाने ते दार उघडलं आणि आतून मधमाश्या निघाल्या. परीक्षक तळ्यापर्यंत पळाला होता, तू नव्हतास का?"

विल्फ नव्हता. तेव्हा बेरिल हॉस्पिटलात होती. लेनच्या ते लक्षात आलं आणि त्याने गाडी सुरू केली.

लेनने क्लबातल्या कोणाकडून तरी नंबर मिळवला. विल्फने त्या संध्याकाळी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, दुपारी लावला. फोन उचलला जात नव्हता, म्हणजे माणूस बाहेर होता. माणूस बाहेर होता, म्हणजे गाडी बाहेर होती. प्रत्येक रिकाम्या घंटेसरशी विल्फला ते आठ व्हॉल्व्ह सीटवर आदळताना दिसत. एका मिनिटाला किती वेळा आदळत असतील याचा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होई, आणि तो रिसीव्हर आपटून ठेवी.

गुरुवारी प्रीसने फोन उचलला. विल्फने सगळं सांगितलं. पाठ केल्यासारखं, न थांबता.

"छे, छे," प्रीस म्हणाला. "काहीतरी घोटाळा आहे तुमचा. हेड झकास आहे. अहो, जन्मात अशी चालली नव्हती माझी गाडी! क्ली हिलचा चढ आता तिसऱ्या गियरमध्ये चढते. आवाज तर असा मऊ, की सिग्नलला मला वाटतं बंदच पडली."

विल्फने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "त्यात कड्या नाहीत."

"नसतील. चालतंय ना?"

"आज चालतंय. पुढे नाही चालणार."

"पुढचं पुढे बघू. मला मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्यात, फुलोरा सुरू होईल आता. चांगली चालणारी गाडी उघडून ठेवू म्हणता?"

"दुसरं हेड देतो आम्ही. बसवून देतो. फुकट."

"हेच, हेच मला कळत नाही. माझ्याकडचं वाईट आहे म्हणता, आणि तेच न्यायला चांगलं हेड फुकट देता. मी डोंगरात राहतो, पण मेंढरू नाही हो." फोन बंद झाला.

विल्फने रिसीव्हरकडे बघितलं. लेन टेबलापाशी बसला होता आणि त्याने आणलेली ॲपल पाय समोर होती, तिचा एक तुकडा खाऊन झाला होता. विल्फने ती ताटलीसकट सिंकमध्ये टाकली.

"सोडून दे ना आता," लेन म्हणाला. "ते सरळ स्टडचं बसव आणि गाडी बाहेर काढ. लोखंड ते लोखंड. त्याला काय नाव-गाव असतं?"

"तुला कळायचं नाही."

"मग सांग. मी काय परका आहे?"

विल्फ सिंककडे तोंड करून उभा होता. "त्या सीट तिने घासल्यात," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात. इथे बसून. घरात तिचं बाकी जे काय आहे ते विकत आणलेलं आहे, लेन. कपडे, कपबशा. हे तिने केलेलं आहे."

लेनने टोपी डोक्यावर चढवली. "रविवारी जाऊ," तो म्हणाला. "डॅन्क्सला मी सांगतो. येईल कसा नाही तो."

डॅन्क्स आला. कुरकुरत आला, व्हॅनमध्ये हत्यारं, नवी गॅस्केट आणि ते सरळ स्टडचं हेड घेऊन आला. प्रीसच्या अंगणात पोचले तेव्हा तो पेट्यांना रंग देत होता. तीन वयस्क पुरुष एकदम आलेले बघून त्याने ब्रश डब्यात ठेवला.

"फोनवाले?"

"फोनवाले," विल्फ म्हणाला. "मला फक्त चालू करून दाखवा. नंतर हाकलून द्या हवं तर."

प्रीसला गाडी दाखवायला आवडायचं. त्याने ती चालू केली. इंजिन खरंच मऊ चालत होतं. लेनने भुवया उंचावल्या. विल्फ मात्र पुढे न जाता गाडीच्या मागे गेला, गुडघ्यांवर हात टेकत कसाबसा खाली बसला आणि एक्झॉस्टच्या नळीमागे तळवा धरला. गरम हवेचे ठोके तळव्यावर एकसारखे पडत होते. पडत होते, पडत होते, आणि मधेच एक ठोका कमी पडला. परत सगळे नीट. परत एक कमी.

"रॉय," त्याने हाक मारली. डॅन्क्सला तो पहिल्यांदाच नावाने बोलावत होता.

डॅन्क्स शेजारी बसला, त्याने तळवा धरला. "हं," तो म्हणाला. "एक व्हॉल्व्ह गळायला लागलाय. रुतलाय."

"मला तर काहीच वाटत नाही," प्रीस म्हणाला.

"आत्ता नाही वाटणार. पेट्या घेऊन भर चढावर असाल तेव्हा वाटेल. माझी चूक आहे, प्रीस. मी तुम्हाला काम न झालेलं हेड विकलं."

प्रीस दाढी खाजवत राहिला. त्याला डॅन्क्सचं पटत होतं, पण विल्फचं कोडं सुटत नव्हतं. "आणि तुम्हाला हेच कशाला पाहिजे? मोडीत काढा ना."

विल्फ अजून खालीच बसला होता. उठायला त्याला गाडीचा आधार घ्यावा लागला. "त्यातले व्हॉल्व्ह माझ्या बायकोने घासलेत. ती ऑक्टोबरात वारली."

इंजिन चालूच होतं. प्रीस खिडकीतून आत वाकला आणि त्याने किल्ली फिरवली.

"हे आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "फोनवर मला वाटलं, तुम्ही मला काहीतरी विकताय." मग थोड्या वेळाने, बॉनेट उघडता उघडता, "हात चांगला होता हो बाईंचा."

"हो," विल्फ म्हणाला.

पाणी सोडलं, नट सैल केले, होसपाइप काढले. प्रीसने घरातून पाव, मध आणि चहा आणला. लेनने दोन घास खाल्ले आणि एक माशी त्याच्या पावावर बसली म्हणून तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. प्रीस त्याला हसत होता. डॅन्क्सने हेड उचललं तेव्हा विल्फ पुढे झाला आणि त्याने ते स्वतःच्या हातात घेतलं. मधला स्टड वाकडा होता. त्याने हेड एका पालथ्या पेटीवर ठेवलं, आणि तो तिच्या शेजारच्या पेटीवर बसला.

सरळ स्टडचं हेड प्रीसच्या गाडीवर बसवून झाल्यावर डॅन्क्स हत्यार घेऊन विल्फकडे आला. स्प्रिंगा दाबून त्याने एक्झॉस्टचे चार व्हॉल्व्ह बाहेर काढले आणि क्रमाने मांडून ठेवले. विल्फ वाकला. एका सीटला खड्डे पडले होते, कड खचली होती. उरलेल्या तिन्हींवर ती राखाडी रेघ तशीच होती. बारीक, सगळीकडे सारखी. त्याने करंगळीच्या टोकाने एकीवरून बोट फिरवलं.

"एक गेली," तो म्हणाला. "तीन आहेत."

"गेली तर गेली," डॅन्क्स हात पुसत म्हणाला. "तशाही कापायच्याच आहेत की."

त्याने खिशातून खडू काढला आणि चारही सीटभोवती एकेक वर्तुळ काढलं. "हे बघा, एवढं सगळं निघणार. इथपर्यंत. मग कड्या आत ठोकायच्या. उरलेल्या चार, पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेकच्या, त्यांना मी हात लावत नाही, त्या थंड असतात, त्यांना काही होत नाही. तुमचं नशीब चांगलं, वेळेत मिळालं. व्हॉल्व्ह अजून खोल रुतला असता तर मलासुद्धा कडी बसवायला लोखंड उरलं नसतं."

विल्फ त्या वर्तुळांकडे बघत होता. खडूची रेघ राखाडी रेघेच्या बरीच बाहेरून गेली होती; आतलं, बेरिलने घासलेलं, सगळं कापलं जाणार होतं.

"टिमिन्स?"

"माहीत आहे," विल्फ म्हणाला. "कापतात, ते माहीत आहे मला."

त्याला माहीत होतंच. आयुष्यभर त्याने धातू कापला जाताना बघितला होता. जानेवारीत हेड उकळताना, प्रत्येक व्हॉल्व्ह पुसून त्याच्याच जागी बसवतानाही त्याला ते माहीत होतं. कापायलाच तर दिलं होतं त्याने.

"उद्या सकाळी मशीनला लावतो," डॅन्क्स म्हणाला. "सगळी कामं बाजूला ठेवून. तुमचं तुम्हाला, माझ्या हाताने घरी आणून देतो. मग तर झालं?"

विल्फने टॉवेल पसरला आणि व्हॉल्व्ह एकेक करून जागेवर घातले. मग हेड गुंडाळलं. डॅन्क्स ते व्हॅनमध्ये ठेवायला उचलू लागला. विल्फने दुसरी बाजू सोडली नाही. दोघं हेड मधे धरून उभे राहिले.

"सोडा ना. जड आहे."

"राहू दे. मी घेऊन येईन."

"अहो, मी तिकडेच चाललोय!"

"मी घेऊन येईन म्हटलं ना!"

हे तो इतक्या जोरात म्हणाला की प्रीसने पलीकडून वळून बघितलं. डॅन्क्सने हात काढून घेतले. "कधी?" त्याने विचारलं.

"येईन."

परतताना विल्फने हेड मांडीवर घेतलं होतं. त्यांनी ब्युडलीचा पूल ओलांडला. मग लेन म्हणाला, "पाय बधिर होतील तुझे."

"होऊ देत."

"मागे ठेव ना."

"गाडी चालव, लेन."

लेनने गाडी चालवली.

हे मार्चमधलं. त्यानंतर मर्लचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा ती म्हणाली, "बाळा, गुरुवारी मशीन मोकळं आहे." विल्फ म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा डॅन्क्स स्वतः मागून ओरडत होता, की चार इनटेक तरी राहतील म्हणावं त्यांना, चार तर राहतातच ना. मर्लने ते जसंच्या तसं सांगितलं. विल्फने ऐकून घेतलं, थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. एप्रिलमध्ये क्लबाची पहिली फेरी निघाली, तिला तो लेनच्या गाडीतून गेला. वाटेत त्याने लेनच्या गियर बदलण्यावरून तीनदा त्याला झापलं, आणि लेनने तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

मे लागला आहे. मायनर गॅरेजात आहे, बॉनेट उघडं, इंजिनवर जुनी चादर. हेड बाकावर आहे. खडूची वर्तुळं थोडी पुसट झालीत, पण दिसतात. एक सीट गेलेली आहे, तीन शाबूत आहेत. चारही कापायच्या राहिल्या आहेत.